सर, जरा सरा, सर आली!

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आणि विषय माझ्यावर सोडला. फोनवर एकच सूचना होती, "तुह्या कॉम्प्युटरचं काही सांग, पण आम्हाले समजन असं सांगजो." त्या सूचनेचा मान राखून मी आज एका दोन अक्षरी शब्दावर बोलणार आहे. सकाळपासून या मांडवात सर्वांत जास्त वेळा उच्चारला गेलेला शब्द बहुधा तोच असेल. तो शब्द म्हणजे 'सर'.

समजा, आत्ता पाऊस आला आणि पहिल्या रांगेतल्या सरांच्या डोक्यावर मांडव गळायला लागला. आपल्यापैकी कोणीतरी ओरडेल, "सर, जरा सरा, सर आली!" या एवढ्याशा वाक्यात 'सर' तीनदा आला, आणि कोणाचाही गोंधळ झाला नाही. पण हे तीन शब्द एकमेकांचे कोण लागतात, हे बघायला गेलं तर मजा आहे.

पहिला सर इंग्रजी. त्याचं मूळ लॅटिनमधल्या 'सेनिओर' या शब्दात, अर्थ वयाने मोठा. तिथून तो फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून इंग्रजीत आला. कॉलेजात ज्यांना आपण 'सीनियर' म्हणून घाबरायचो, तो शब्दही याच घरचा. दुसरा 'सरा' आपला जुना. संस्कृत 'सृ' म्हणजे सरकणे, पुढे जाणे. त्यातून सरणे आणि सरिताही. तिसरी सर पावसाची. संस्कृतात 'सर' म्हणजे वाहणारं, सरकणारं. माळेच्या पदरालाही 'सर' म्हणतात. म्हणून दुसरा आणि तिसरा एकाच वाड्यातले, आणि पहिला सातासमुद्रापलीकडचा.

अजून एक सर आहे, फारसी. फारसीत 'सर' म्हणजे डोकं, मुख्य. सरदार, सरकार, सरहद्द आणि आपल्या गावचा सरपंच हे सगळे या सराच्या हाताखाली कामाला आहेत. हा फारसी 'सर' आणि आपलं संस्कृत 'शिर' मात्र खरोखर भावंडं आहेत. फारसी आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा, आणि तो शब्द दोघींनाही वारशाने मिळाला. म्हणजे गंमत बघा: 'सर' आणि 'सर' अक्षर न् अक्षर सारखे असून एकमेकांचे कोणी नाहीत, आणि 'सर' आणि 'शिर' दिसायला वेगळे असून सख्खे आहेत. चेहऱ्यावरून नातं ओळखायला गेलं की शब्दांच्या बाबतीत हमखास फसायला होतं.

आता कॉम्प्युटरचं. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला आकडा कळतो. युनिकोड नावाची एक जागतिक यादी आहे, तिच्यात जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक दिलेला आहे. हजेरीपटावरच्या रोल नंबरसारखा. 'स' चा क्रमांक २३६० आणि 'र' चा २३५२. त्यामुळे यंत्रापाशी शाळेतले सर, पावसाची सर, सरपंचातला सर, सगळे २३६०-२३५२ एवढेच असतात. नुसत्या या दोन आकड्यांकडे बघून अर्थ सांगता येत नाही. त्याला शेजारपाजार बघावा लागतो. 'सर आली' म्हटलं की पाऊस, 'सर आले' म्हटलं की पुस्तकं उघडा.

मराठीत या शेजाऱ्यांमध्ये सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे लिंग. व्याकरणाच्या तासाला 'तो, ती, ते' करताना कंटाळा यायचा, पण काम तेच करतं. 'मान दिला' म्हटलं की आदर, संस्कृत 'मान' वरून. 'मान दुखली' म्हटलं की गळ्याच्या मागची, ती संस्कृत 'मन्या' वरून आली. एक पुल्लिंगी, एक स्त्रीलिंगी. 'तास' घ्या. शाळेतला तो तास हा अरबी-फारसीतून आलेला. मुळात तो भांड्याचा शब्द. पूर्वी पाण्यावर छिद्राचं घटिकापात्र सोडत, ते बुडालं की वेळ झाली असं समजून धातूच्या थाळीवर ठोका देत. त्या ठोक्यावरून वेळ मोजली जायची. वावरात नांगराचं पडतं ते तास वेगळं. आणि सुतार लाकूड तासतो, तो संस्कृत 'तक्ष्' धातूचा वारस, त्याचा घड्याळाशी काही संबंध नाही.

'पाव' हा तर माझा आवडता. पाव किलो तूर डाळ मागतो, तेव्हा तो 'पाव' संस्कृत 'पाद' मधून आला. पाद म्हणजे पाय. चार पायांच्या जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. हिंदीतला 'पाँव' त्याचाच भाऊ, आणि चार आण्यांची पावली त्याचीच लेक. पण चहात बुडवून खातो तो पाव पोर्तुगीज. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यांची ही रोटी आणि तिचं नाव दोन्ही इथे राहिलं. आणि 'देवी पावली' म्हणतो तिथे 'पावणे' हे 'प्राप्' पासून, मिळणे या अर्थाचं. तीन पाव, तीन गोत्रं. दुकानदाराला "पाव डझन पाव द्या" म्हटलं तर तो डोळेही मिटत नाही, तीन मोजून देतो.

एकाच रूपाचे हे शब्द आपण गावांच्या बाबतीतही सांभाळत आलो आहोत. मालेगाव म्हटलं की बाहेरचे लोक नाशिक जिल्ह्यातलं समजतात, आणि आपल्याला 'वाशीमचं' असं जोडावं लागतं. कारंजा वर्धा जिल्ह्यातही आहे, म्हणून एक कारंजा लाड आणि दुसरं कारंजा घाडगे. मंगरूळ अमरावती जिल्ह्यात मंगरूळ दस्तगीर आहे, म्हणून आपलं मंगरूळपीर. आम्ही सॉफ्टवेअरवाले हेच करतो. दोन गोष्टींची नावं एकसारखी आली की एकीचं नाव पुसून टाकत नाही, दोघींना आडनाव जोडतो. गावकऱ्यांना हे आमच्या कितीतरी आधी सुचलेलं आहे.

इथपर्यंत गमतीचं झालं. आता थोडं वेगळं.

कधी शब्द एकच असतो, मूळही एकच, पण दोन भाषांमध्ये तो दोन वाटांनी जातो. शिक्षकांसमोर उभी आहे, तर उदाहरणही 'शिक्षा' हेच घेते. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं, शिकवणं. वेदांच्या सहा अंगांपैकी उच्चारांचं शास्त्र म्हणजे 'शिक्षा'. हिंदीने तो अर्थ ठेवला. दिल्लीत आज शिक्षा मंत्रालय आहे. मराठीने शिकण्यासाठी 'शिक्षण' ठेवलं आणि 'शिक्षा' म्हणजे अंगठे धरून उभं राहणं. कन्नड, तेलुगू आणि गुजरातीतही शिक्षा म्हणजे दंडच. इतक्या भाषांना शिकवणं आणि दंड हे एकाच शब्दात बसवावंसं वाटलं, यावर आपण विद्यार्थी काही बोलणार नाही. गुरुजनांनीच विचार करावा.

कधी मात्र असं साधर्म्य जिवावर बेतणारं असतं. आपल्यातले काही जण सुरतेला स्थायिक आहेत, त्यांना हे माहीत असेल. मराठीत 'अपघात' म्हणजे गाडी घसरणं, धडक बसणं. गुजरातीत 'आपघात' म्हणजे आत्महत्या. तो 'आत्मघात' वरून आलेला वेगळाच शब्द. फरक पहिल्या अक्षराच्या काना एवढा. घाबरलेल्या माणसाने फोनवर "भावाचा अपघात झाला" असं सांगितलं, तर पलीकडच्या शेजाऱ्याला काय ऐकू येईल, याचा विचार करा.

आणि आता आपल्या घरचं. दहावी-बारावीनंतर आपण पुण्याला, मुंबईला, औरंगाबादला गेलो. तिथे प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव आला असेल. भाजीवाल्याकडे सांबार मागितला आणि तो म्हणाला, "हॉटेलात जा." आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. तिकडे सांबार म्हणजे इडलीबरोबरचं पातळ. आणि जंगलातलं सांबर ते आणखी निराळं, संस्कृत 'शंबर' वरून आलेलं. इडलीच्या सांबाराची एक गोष्ट सांगतात, की तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात संभाजी महाराजांसाठी ते पहिल्यांदा केलं म्हणून त्याचं नाव तसं. गोष्ट छान आहे. पण कन्नडमध्ये आजही मसाल्याच्या जिनसांना 'सांबार पदार्थ' म्हणतात, आणि संस्कृतात 'संभार' म्हणजे गोळा केलेलं साहित्य. स्वयंपाकाला वास आणणाऱ्या जिनसांचं नाव कोणी एका पदार्थाला दिलं, आपण एका हिरव्या जुडीला दिलं. यात चुकलं कोण?

'बंडी' चं तसंच. आपली बंडी बैल ओढतात. पुण्यात बंडी अंगात घालतात. आपली बंडी तेलुगूतून आली, तेलुगूत आजही गाडीला बंडीच म्हणतात. वऱ्हाडच्या पलीकडे तेलंगण आहे आणि वऱ्हाड कित्येक पिढ्या हैदराबादच्या निजामाकडे होता, हा सगळा भूगोल आणि इतिहास त्या एका शब्दात बसलेला आहे. 'वावर' घ्या. आपलं ते वावर म्हणजे शेत. प्रमाण मराठीतला तो वावर म्हणजे वागणं-फिरणं. "त्याचा वावरात वावर असतो" हे वाक्य आपल्याकडेच होऊ शकतं.

वसतिगृहात या शब्दांवर हसणारे वाईट नव्हते. त्यांना एवढंच वाटत होतं की शब्द आपला आहे आणि समोरचा तो चुकीचा वापरतो आहे. शब्द दुसराच आहे, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आपल्यालाही नव्हतं. म्हणून आपण काय केलं? सहा महिन्यांत 'कोथिंबीर' म्हणायला शिकलो, 'मले-तुले' चं 'मला-तुला' केलं, आणि घरी फोन करताना खोलीच्या बाहेर जाऊन बोलायला लागलो.

ज्या मातीत हे झालं ती काही भाषेने गरीब नाही. आपलं वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. त्या शाखेचा राजा सर्वसेन याने प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य लिहिलं. वाशीमला सापडलेल्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा मजकूर प्राकृतात. एकाच पत्र्यावर दोन भाषा, आणि राजाला त्यात कमीपणा वाटला नाही. मराठी गद्याचा आद्यग्रंथ मानलं जाणारं लीळाचरित्र तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला लिहिलं गेलं. आज मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आहे. परीक्षेत प्रमाण मराठीच लिहावी लागते आणि ती यायलाच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच, की एक भाषा शिकताना दुसरी लाजेने टाकून द्यावी लागू नये.

पण आपल्यावर हसलं गेलं, एवढंच सांगून मी खाली बसले तर ते अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कारण आपल्याच वर्गात आपल्याहून लांबून चालत आलेली मुलं होती. तांड्यावरची. पोहरादेवी आपल्याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. देशभरातला बंजारा समाज तिथे सेवालाल महाराजांच्या समाधीला येतो. त्या मुलांच्या घरी गोरमाटी बोलतात. ती मराठीची बोली नाही. तिची सख्खी बहीण राजस्थानी. तिला स्वतःची लिपी नाही, म्हणून महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नड लिपीत.

गोरमाटीत 'मारो' म्हणजे माझा, माझं. राजस्थानी 'म्हारो' आणि गुजराती 'मारुं' यांचा तो भाऊ. आपल्या मराठी-हिंदीतला 'मार' संस्कृत 'मृ' वरून आला, मरण्या-मारण्याचा. दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पण पहिलीच्या वर्गात "हे दप्तर कोणाचं?" असं विचारल्यावर एखादं लेकरू "मारो" म्हणालं, की वर्ग हसायचा. विचार करा, सहा वर्षांच्या पोराने 'माझं' म्हटलं आणि चाळीस जणांना 'मारा' असं ऐकू आलं. दोन-चार वेळा असं झालं की ते पोरगं बोलणं बंद करतं. मग शेऱ्याच्या रकान्यात येतं, 'वर्गात बोलत नाही'.

आपल्या शाळेतल्या एका बाई मात्र अशा वेळी वर्गाला गप्प करून विचारायच्या, "तुमच्या घरी याला काय म्हणतात? आणि त्याला? सांग बरं सगळ्यांना." मग त्या मुलाकडून पाच शब्द घेऊन फळ्याच्या कोपऱ्यात लिहायच्या, एका बाजूला गोरमाटी, दुसऱ्या बाजूला मराठी. आईला 'याडी' म्हणतात हे मी त्या कोपऱ्यातून शिकले. आज आम्ही मोठ्या कंपन्यांमध्ये शब्दांचे अर्थ वेगळे ठेवण्यासाठी जे तक्ते करतो, ते याहून फार निराळे नसतात. त्या बाई इथेच बसल्या आहेत. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही, पण तांड्यावरून येणाऱ्या ज्या मैत्रिणी पुढे शिकल्या, त्या त्यांना बरोबर ओळखतात.

हे सगळं आजच सांगावंसं का वाटलं, त्याला माझ्या कामातलं एक कारण आहे. फोनवर बोलून टाइप करणं, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत भाषांतर, हे आता आपण सगळेच वापरतो. ही यंत्रं कोणत्याही शाळेत जाऊन शिकत नाहीत. माणसांनी जे लिहून ठेवलं आहे ते वाचून शिकतात. एका शब्दाचे दोन अर्थ असले, तर जो अर्थ जास्त वेळा लिहिला गेला, त्याचं पारडं जड होतं. 'सांबार' ला यंत्र इडलीशेजारी बसवतं, कारण इडलीचा सांबार लाखो वेळा लिहिला गेला. आपला सांबार आपण फक्त बोललो. 'मारो' चं काय होत असेल, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. पहिलीतला वर्ग हसायचा तरी आणि थांबायचा तरी; यंत्र हसत नाही, ते चुकीचा अर्थ सरळ लिहून टाकतं. आणि तिथे विचारायला बाई नसतात.

म्हणून माझी एक विनंती आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. दाराजवळच्या टेबलावर नावनोंदणीच्या शेजारी मी एक जाड वही ठेवली आहे. जेवणाच्या सुट्टीत प्रत्येकाने तिच्यात घरचे दहा शब्द लिहावे. नुसता शब्द नको. पुढे तो, ती की ते, एक पूर्ण वाक्य, आणि गावाचं किंवा तांड्याचं नाव. रिसोडकडचा शब्द आणि कारंजाकडचा शब्द एकच असला तरी दोघांनी लिहा. अर्थात फरक निघेल. आई-वडील असतील त्यांना फोन लावून विचारा. शेतीचे, स्वयंपाकाचे, जनावरांच्या आजारांचे शब्द आपल्यापेक्षा त्यांनाच ठाऊक आहेत, आणि ते विचारायला आपल्याला आणखी किती वर्षं मिळतील ते मी बोलून दाखवत नाही. गोरमाटीसाठी मागची शंभर पानं वेगळी ठेवली आहेत. तांड्यावरच्या मित्र-मैत्रिणींनी ती आपल्या मनाने भरावी, मराठी अर्थ काय द्यायचा ते त्यांनीच ठरवावं. वही शाळेच्या ग्रंथालयात राहील. टाइप करून सर्वांसाठी खुली करण्याचं काम माझ्याकडे.

आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर 'जिल्हा अकोला' आहे. १ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा जिल्हा झाला आणि त्यानंतर शिकलेल्या मुलांच्या दाखल्यावर 'जिल्हा वाशीम' आलं. कागदावर नाव यायला वेळ लागतो, पण एकदा आलं की ते पुढच्यांना आयतं मिळतं. आपल्या शब्दांचंही तसं व्हावं, एवढंच.

पहिल्या पानावर पहिला शब्द मी लिहून ठेवला आहे: 'सांबार, पुल्लिंगी. "भाजीवर सांबार भुरकावला." कोथिंबीर.' त्याच्या खालच्या ओळी रिकाम्या आहेत.

मुलांनो, आता जेवायला चला, आणि जाताना वही विसरू नका.